कॅसेट नंबर तेरा

बुटांच्या खोक्यात तेरा कॅसेटी आल्या,
ब्याण्णवचा मे.
हेमराज नेहेतेच्या मेव्हण्याने ओहायोत,
तिथल्या गावच्या टीव्हीवरून
शनिवारी रात्री उतरवलेल्या.
मालिका मात्र विलायतेची.
म्हणजे लंडनहून ओहायो, तिथून भुसावळ,
जामनेर रोडला खताच्या दुकानावरची आमची गच्ची,
आणि पुढं मी खांबाखांबावर चढून ओढलेल्या वायरीने
चारशे बारा घरं.

रंग आले नाहीत.
अमेरिकेचे रंग आपल्या मशीनला वाचता येत नव्हते.
हेड मी स्पिरिटने पुसलं, मग दहाच्या कोऱ्या नोटेने,
तरी तारा राखाडीच उगवला,
आणि त्याच्या काठावरचं ते हवामान केंद्र,
जिथं पाच इंग्रज चहा पीत
आभाळाचं तापमान वहीत लिहायचे.
दार आपटलं की भिंत हलायची.
कुणी हसलं नाही.
शाळेच्या गॅदरिंगमध्ये आमचाही राजवाडा असाच हलायचा.

इंग्रजी कुणाला कळणार?
हेमराजने माइक आणला, आणि नोएल फर्नले साहेबांना.
रिटायर्ड मेल गार्ड, लिंपस क्लबमागं एकटे राहायचे,
शिट्टी अजून खिशात.
त्यांनी यानाला गाडी केलं, कप्तानाला ड्रायव्हर.
इंजिन थंड पडलं तेव्हा म्हणाले,
"व्हॅक्यूम सुटला भो, आता थांबा."
सूर्य फुटायच्या बेतात होता. साहेब म्हणाले,
"लाईन क्लिअर भेटून नाही राहिली."
अख्ख्या गावाला समजलं.

ऐन रंगात गोष्ट थांबायची.
एक बाई यायची, मागं सहा टेलिफोन, सहा माणसं.
"काय म्हणते ती?"
"वर्गणी मागते. मालिका आवडते ना,
मग पैसे पाठवा, नाहीतर आमचं स्टेशन बंद होईल."
खडका रोडच्या हिराबाई झोपेंना वाटलं,
ही बाईसुद्धा त्याच ताऱ्यावर अडकलेली.
फोन वाजला की ओरडायच्या, "उचल ना रे मेल्या!"
महिन्याचे पैसे न्यायला गेलो
तर वर अकरा रुपये दिले, "त्या बाईले दे."
हेमराजने ते गल्ल्यात वेगळे ठेवले.
पुढं डिझेलमध्ये गेले असावेत.

नवव्या कॅसेटीत पडद्याच्या तळाला
अक्षरं पळत गेली. साहेबांनी तीही वाचली:
चक्रीवादळ निघालंय, तळघरात जा.
अर्ध्या तासात साकेगावहून प्रल्हाद वारके,
सायकल जिन्याशी टाकून, घामाघूम.
"घड अजून पोसून राहिले साहेब. कापू का?"
साहेबांनी माइकवर हात ठेवला.
"ती गाडी गेली भो.
दोन वर्षं झाली."
वारके तरी गच्चीवर उभे राहिले बराच वेळ,
तापीच्या बाजूला बघत.

आणि तेरावी.
पाचव्या माणसाने शेवटच्या दाराला हात घातला
आणि टेप संपली. ओहायोतच संपली होती.
पडद्यावर मुंग्या.
हेमराज म्हणाला, बंद कर.
साहेबांनी मला बोटाने थांबवलं
आणि बोलतच राहिले.

तेवढ्यात लाईट गेली.
मी जनरेटरला डिझेल ओतायला बाहेर पळालो.
सगळं गाव काळं, फक्त
रेल्वे कॉलनीचे दिवे चालू, त्यांची लाईन वेगळी.
मशीनच्या धडधडीत मला एक शब्द ऐकू आला नाही.
आत येऊन सांगायला हवं होतं,
साहेब, कुणी ऐकत नाहीये, शंभरेक घरं सोडली तर.
नाही सांगितलं.

त्या शंभर घरांत मी पुढं वर्षभर विचारत फिरलो.
पंधरा बंगल्यात म्हणाले, पाचही जण घरी पोचले.
लोको शेडचा फिटर म्हणाला,
घर कुठं होतं त्यांना? मेले.
केबिनमन तायडेची सुमन, तेव्हा सातवीत,
ती म्हणाली, कुणी कुठं गेलं नाही.
दारामागं दुसरी खोली निघाली, तशीच.
त्याने वही उघडली,
तापमान लिहिलं, सेहेचाळीस.

अगं, मी म्हटलं, ते तर आपलं.
त्या दिवसाचं.

हो, ती म्हणाली.